मातीच्या मूर्तीला तडे आणि फिकी पडणारी हळद

प्रश्न : मी न भाजलेल्या मातीच्या छोट्या मूर्ती करते. वाळताना मानेपाशी तडे जातात. हळदीचा पिवळा रंगही थोड्याच दिवसांत उडतो. काय करू?

उत्तर : ताई, मान बारीक, धड जाड, बारीक भाग आधी वाळून आकसतो आणि तिथेच चीर पडते. माती मळताना पिंजलेला कापूस किंवा भिजवलेल्या कागदाचा लगदा घाला. धड आतून पोकरा. मानेला ओलसर फडकं गुंडाळून मूर्ती सावलीत वाळवा, पंख्याखाली मुळीच नको.

हळद मला फार आवडते, पण मूर्तीसाठी मी ती वापरत नाही. उजेडात ती टिकत नाही, आणि खाली चुन्याचा हात असेल तर लालसर होते. पिवळी माती, गेरू, काजळी घ्या. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, उन्हातही तसाच राहतो. रंग वस्त्रगाळ करून डिंकाच्या पातळ पाण्यात खला. वाळल्यावर बोट फिरवून पाहा : भुकटी लागली तर डिंक कमी, पापुद्रे सुटले तर जास्त. मूर्ती पूर्ण वाळल्याशिवाय मात्र कुंचला लावू नका.