शीथ आणि बलून वेगवेगळे पास होतात, एकत्र अडतात: चाचणी कशी मांडायची?

भाऊ, तू लिहिलंयस की शीथ (रक्तवाहिनीत उपकरणं घालायला बसवलेली नळी) ६ फ्रेंच, बलूनच्या (अरुंद धमनी उघडणारा, बारीक नळीच्या टोकावरचा फुगा) खोक्यावरही '६ फ्रेंच शीथ चालेल' असं छापलंय, दोन्ही आपापल्या चाचणीत पास, तरी बलून परत काढताना अडतो. चूक तुझ्या हाताची नाही. जोडी तपासलीच गेलेली नाही.

आधी आकडे. १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणून ६ फ्रेंच म्हणजे २ मिमी. पण शीथचा आकडा आतल्या पोकळीचा, कॅथेटरचा, म्हणजे बलून ज्या बारीक नळीवर बसतो तिचा, बाहेरच्या जाडीचा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत पाइप जोडणाऱ्याला हे लगेच कळेल: ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप बाहेरून मोजलेला असतो, अर्धा इंची जीआय पाइप भोकावरून ओळखतात. बलून ज्या तारेवरून आत सरकतो ती वायर तर इंचात, ०.०३५ इंच म्हणजे ०.८९ मिमी. त्यामुळे लेबलवर विसंबू नकोस. शीथचा कमीत कमी आतला व्यास आणि बलूनचा जास्तीत जास्त बाहेरचा व्यास कंपन्यांकडून मागून घे, आणि त्या मालिकेतला सगळ्यात जाड, सगळ्यात लांब बलून चाचणीला घे.

आता खरा मुद्दा. नवा बलून कारखान्यातून घट्ट गुंडाळून येतो, तो आत जाणारच. एकदा फुगवून रिकामा केला की तसा परत मिटत नाही, चपटे पंख राहतात आणि ते शीथच्या टोकाला अडतात. पायाच्या धमनीच्या एका केसमध्ये मी हे समोर पाहिलंय. डॉक्टरांनी ओढाताण केली नाही, वायर जागेवर ठेवून शीथ आणि बलून एकत्रच बाहेर काढले. पेशंट सुखरूप राहिला, पण पंक्चरची जागा बराच वेळ दाबून धरावी लागली. तेव्हापासून मी परत काढण्याची चाचणी आधी लावतो, आत घालण्याची नंतर.

मांडणी अशी कर: वळणं असलेलं सिलिकॉनचं मॉडेल, ३७ अंशांचं पाणी. जळगावच्या मे महिन्यातली खोली आणि डिसेंबरातली खोली यांत प्लास्टिकचा ताठपणा सारखा राहत नाही, म्हणून 'रूम टेंपरेचर' लिहून मोकळं होऊ नकोस. हायड्रोफिलिक कोटिंग (पाणी लागलं की निसरडा होणारा थर) आधी नीट ओलं कर. बलून नुसत्या पाण्याने फुगवू नकोस, केसमध्ये वापरता तसंच कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारा द्रव) आणि सलाईनचं मिश्रण घे. कॉन्ट्रास्ट दाट असतो, बलूनमधून हळू बाहेर येतो. पाण्याने केलेली चाचणी खोटी पास होते. मग ठरावीक वेगाने ओढून फोर्स गेजवर जोर नोंदव, एकदा नाही, फुगवण्याच्या प्रत्येक फेरीनंतर.

शेवटी ते पाणी गाळून कोटिंगचे कण बघ, शीथची आतली कड भिंगाखाली बघ. आयएसओ १०५५५ हे आंतरराष्ट्रीय मानक कॅथेटरसाठी आणि आयएसओ ११०७० शीथ-वायरसाठी आहे, दोन्ही वाचच. पण त्यांतल्या चाचण्या बहुतांशी एकेका उपकरणाच्या आहेत, जोडीचा निकष तुलाच कारणासकट लिहावा लागेल.

बलूनचा व्यास, लांबी आणि शीथची लांबी इथे टाक, किती फेऱ्या घ्यायच्या ते त्यावरून सांगतो.