संगणक-शंका : बॅकअप रात्रीचा, मग बोंब सकाळी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. उद्यमबागेत आमचं कास्टिंगचं काम आहे. ऑफिसात साठेक माणसं. मेलसाठी स्वतःचा मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर आहे, सगळ्यांचं मिळून ४०० जीबीच्या आसपास. माझ्या आधीच्या माणसाने रात्री आठला जुन्या मेलचं आर्काइव्हिंग (ती वेगळ्या जागी हलवणं) आणि रात्री दोनला पूर्ण बॅकअप लावून ठेवलाय. आठला अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी बोलणारी मार्केटिंगची पोरं ओरडतात, सकाळी नऊला स्टोअर्स आणि अकाउंट्स. मालक म्हणतात, ‘सगळं रविवारी करून सोड, कटकट मिटव.’ मला इथे येऊन सहाच महिने झालेत. काय करू?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझेच दिवस आठवले. बावीस वर्षं मीही त्याच बाजूच्या एका कारखान्यात हे खातं सांभाळलं. सकाळी दार उघडायच्या आत स्टोअर्सचे काका उभे असायचे : ‘मॅडम, नुसतं गिरगिर फिरायलंय की ओ, मेल उघडंना झालंय.’ त्यांच्यामागे डिस्पॅचचा पोरगा, तो कन्नडमध्ये तेच सांगायचा : ‘ओपन आगवल्दु री.’ तक्रारीपुरता भाषेचा वाद कधी झाला नाही.

आधी मालकांचा रविवार बाजूला ठेवू. बॅकअप फक्त रविवारी घेतलात आणि शनिवारी डिस्क गेली, तर सहा दिवसांची मेल गेली. त्यात पर्चेस ऑर्डरी आल्या, ड्रॉइंगं आली. हे मालकांना ‘डेटा लॉस’ म्हणून सांगू नका; ‘सोमवार ते शनिवार आलेल्या ऑर्डरी पुन्हा मागवाव्या लागतील’ असं सांगा. दुसरं कारण तांत्रिक आहे. एक्स्चेंज प्रत्येक हालचाल आधी लॉग फाइलमध्ये लिहितो. एकेक फाइल १ एमबीची, पण दिवसाला त्या हजारांनी साठू शकतात, आणि बॅकअप नीट पूर्ण झाल्यावरच जुन्या लॉग पुसल्या जातात. आठवडाभर बॅकअप नाही म्हणजे आठवडाभर ढीग. लॉगची डिस्क भरली की डेटाबेस स्वतःहून बंद पडतो. तुमच्या आधीच्या माणसाने जागा वाचवायला ‘सर्क्युलर लॉगिंग’, म्हणजे जुन्या लॉगच्या जागीच नवं लिहिणं, चालू करून ठेवलंय का, तेही बघून घ्या. ते चालू असेल तर लॉग साठत नाहीत, पण मग मधल्या दिवसांचा छोटा बॅकअपही घेता येत नाही.

आता मुद्द्याचं. बॅकअप दोनला सुरू होतो हे तुम्ही लिहिलंत, संपतो कधी ते लिहिलं नाहीत. सगळे असंच लिहितात. आज उठून बॅकअपच्या नोंदीत संपल्याची वेळ बघा. माझा अंदाज सांगते. गिगाबिटचं नेटवर्क धड असेल तर सेकंदाला १०० एमबी सहज जातात. ४०० जीबीला सव्वा तासाच्या आत काम आटोपतं. पण मध्ये कुठे जुना १०० एमबीपीएसचा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा, बसला असेल (हे १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट), तर सेकंदाला जेमतेम १२ एमबी. मग तेच काम नऊ तासांवर जातं. दोन अधिक नऊ, अकरा. तुमच्या स्टोअर्सच्या बोंबेची वेळ जुळते की नाही?

आमच्याकडे हेच निघालं होतं. डिस्पॅचच्या लोखंडी कपाटामागे, मोल्डिंगच्या काळ्या धुळीत लपलेला एक आठ पोर्टचा स्विच. त्याच्यापायी मी दोन वर्षं सकाळच्या शिव्या खाल्ल्या आणि दोष सर्व्हरला देत राहिले. तेव्हा सर्व्हर बदलायचं कोटेशन मागवण्याआधी वायरीच्या मागोमाग एकदा हिंडून या.

बॅकअपने मेल थांबत नाही, हेही लोकांना सांगा. स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, घेताना लिहिणं थांबतं ते काही सेकंदच, एक्स्चेंजमध्ये ही मर्यादाच वीस सेकंदांची आहे. त्रास होतो तो डिस्क आणि नेटवर्क तासन्‌तास अडून राहिल्याचा. म्हणून वेळ ठरवताना कामावर पहिला माणूस कधी येतो ते धरा आणि उलटं मोजत मागे या. फर्स्ट शिफ्टचा स्टोअरकीपर सातला येत असेल तर साडेसहाला सगळं संपलेलं हवं.

आणि ‘रात्र’ म्हणजे कोणाची रात्र? तुमची गिऱ्हाइकं अमेरिकेत आहेत. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. त्यांचं घड्याळ मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तासाने सरकतं, आपलं सरकत नाही. म्हणजे तुमचं आठचं आर्काइव्हिंग बरोबर त्यांच्या ऐन कामाच्या वेळेवर जाऊन बसलंय. त्यांचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपले पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. साडेतीन ते साडेसहा, एवढीच तुमची खरी रात्र. माझ्या वडिलांचा वडगावात माग होता. ते म्हणायचे, माग दुरुस्त करायचा तर ताणा संपल्यावर, मध्ये हात घालू नये.

मी तुमच्या जागी असते तर आर्काइव्हिंग आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे साडेतीनला लावलं असतं, आणि पाचला काम अर्धं असलं तरी थांबेल असं सेटिंग केलं असतं. सव्वापाचला रोजचा छोटा, म्हणजे फक्त बदलाचा बॅकअप. तो पंधरा-वीस मिनिटांत व्हायला हवा. पूर्ण बॅकअप शनिवारी रात्री. तेव्हा अमेरिकेतही शनिवारच असतो, कोणी विचारत नाही. मालकांना त्यांचा रविवार जवळजवळ मिळाला, असंही वाटेल. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन रविवारी रात्री, बाकी कशाच्याही वेळेवर नको. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा मंगळवारचीच उशिराची रात्र असते. ते लगेच न टाकता त्या शनिवारी, पूर्ण बॅकअप संपल्यावर टाका. आणि तुमचा एक्स्चेंज २०१६ किंवा २०१९ चा असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपलाय, हा विषय मालकांकडे वेगळा काढावा लागेल.

आर्काइव्हिंग आधी, बॅकअप नंतर, हा क्रम मोडू नका. आर्काइव्हिंग म्हणजे मेल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवणं. मूळ जागी फक्त चिठ्ठी राहते. दुसऱ्या कपाटाचा बॅकअप व्हायच्या आत ते जळालं तर चिठ्ठी घेऊन काय करणार? बऱ्याच सॉफ्टवेअरांत ‘बॅकअप होईपर्यंत मूळ मेल काढू नये’ अशी सोय असते. ती चालू ठेवा, आणि आर्काइव्हचं ते कपाटही बॅकअपच्या यादीत आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

सकाळच्या बोंबेचं अजून एक कारण आहे, ते सहसा लक्षात येत नाही. रात्री एखाद्याच्या दहा हजार मेलच्या जागी चिठ्ठ्या आल्या की सकाळी त्याचं आउटलुक (मेल बघायचा प्रोग्राम) ते दहा हजार बदल पुन्हा उतरवून घेतं. साठ जणांचं एकाच वेळी झालं तर नऊला नेटवर्क लोळलंच. म्हणून पहिल्या खेपेला एका रात्री पाच-सहा जणांचंच करा. सुरुवात स्वतःच्या मेलबॉक्सपासून, मालकांचा सगळ्यात शेवटी. सहा महिन्यांच्या आतली मेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स यांना हात लावू नका.

हा शहाणपणा मला अनंत चतुर्दशीला आला. सगळं गाव मिरवणुकीत, कोणाला मेल नको, म्हणून मी पहिलं आर्काइव्हिंग साठच्या साठ जणांचं त्याच रात्री लावलं. आर्काइव्हिंगचा प्रत्येक बदलही लॉगमध्ये जातो, हे मला माहीत होतं, पण किती जातो ते मोजलं नव्हतं. दीडच्या सुमाराला लॉगची डिस्क भरली आणि मेल बंद. मी कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर, पुढे-मागे ढोल-ताशे, आपल्याकडची मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी हलत नाही. गर्दीतून बाहेर पडून तिसऱ्या रेल्वे गेटपलीकडे कारखान्यात पोचायला दीड तास लागला. वॉचमनने गुलालाने माखलेली बाई बघून आधी गेटच उघडलं नाही.

शेवटचं काम : महिन्यातून एकदा एखादी मेल मुद्दाम बॅकअपमधून परत काढून बघा. हिरवी टिक दिसते म्हणजे मेल परत मिळते असं नाही. आणि नवीन वेळा ठरल्या की नोटीस मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा. इंग्रजीतली नोटीस स्टोअर्समध्ये कोणी वाचत नाही, अकाउंट्समध्ये वाचतात पण विसरतात.

प्रश्न : आमचं निपाणीत तंबाखूच्या व्यापाराचं छोटं ऑफिस, तीन कॉम्प्युटर. दर पंधरवड्याला आउटलुक ‘जुनी मेल आर्काइव्ह करू का?’ विचारतं, आम्ही ‘नो’ दाबतो. बॅकअपवाला प्रोग्राम रोज ‘फाइल वापरात आहे’ म्हणून थांबतो. — एक वाचक, निपाणी

उत्तर : तो प्रश्न दर १४ दिवसांनी विचारायचा, असं आउटलुकचं मूळचंच सेटिंग आहे. तुमची मेल पीएसटी फाइलमध्ये, म्हणजे आउटलुकच्या कॉम्प्युटरवरच्या मेल-फाइलमध्ये आहे आणि आउटलुक उघडं असेपर्यंत ती फाइल अडकलेली राहते, म्हणून बॅकअप होत नाही. जेवणाची सुट्टी हीच तुमची वेळ. दीडला तिघांनी आउटलुक बंद करायचं, पावणेदोनला बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. ऑफिस बंद करताना नको. घाईत कोणीतरी मेन स्विच पाडून जातं. एप्रिल-मेमध्ये वळिवाने लाईट जायच्या दिवसांत तर यूपीएसशिवाय नकोच, अर्धवट लिहिलेली पीएसटी बिघडते. २०१० पासूनच्या आउटलुकांत पीएसटीची मर्यादा ५० जीबी असते, पण मी दहाच्या पुढे जाऊ देत नाही. वर्षाची एक फाइल करा. ती शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून तिघांनी उघडायची असं चाललं असेल तर आजच थांबवा.

प्रश्न : आमची मेल क्लाउडवर आहे. मग बॅकअप कशाला? आणि किती वर्षं ठेवायची? — एक वाचक, खानापूर

उत्तर : कारण तिथे मेल हरवत नाही, पण तुमच्याच माणसाने डिलीट केलेली कायमची राहतही नाही. जीमेलच्या ट्रॅशमधली ३० दिवसांनी जाते. मायक्रोसॉफ्टकडे डिलीटेड आयटम्समधूनही काढलेली मेल मूळ सेटिंगप्रमाणे १४ दिवस मिळते, वाढवून ३० करता येतात. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, कंपनीच्या हिशेबाच्या वह्या आठ आर्थिक वर्षं. बिलं मेलनेच येत असतील तर ती मेलही तितकीच वर्षं ठेवा. कंपनीचे हिशेब कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर लागतो, ही २०२२ ची दुरुस्ती आहे. तुमच्या सीएंना विचारून घ्या. वेळेचं म्हणाल तर तुमच्याकडे अडचण अपलोडची असणार. पहिली पूर्ण प्रत शनिवारी रात्री सुरू करून सोमवार सकाळपर्यंत चालू द्या, पुढचे रोजचे बदल रात्री साडेदहानंतर, कॉलेजची पोरं त्याच लाइनवर पिक्चर बघत नसतील तर.