मिसळणाचा डबा फ्रँकफर्टला न्या, पण मुलीच्या एफडीवर बसवून नको

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला, एकदा ऑफिसात आणि एकदा रात्री घरी, कारण पहिल्यांदा वाचल्यावर पटकन "नको" लिहून पाठवणार होतो आणि ते बरोबर झालं नसतं.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. राहायला ऐरोली, रबाळे एमआयडीसीत भाड्याचा गाळा, स्टीलचे कडीचे डबे आणि मिसळणाचे डबे बनवता, वर्षाला १ कोटी ४० लाखांची उलाढाल, सगळं जाऊन हातात १४ लाख. मिस्टरांच्या डोक्यात पुढच्या फेब्रुवारीतलं जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं आंबिएन्ते प्रदर्शन बसलंय, एका कन्सल्टंटने १२ स्क्वेअर मीटरचा स्टॉल ११ लाखांत देतो म्हटलंय, सॅम्पल, कॅटलॉग आणि माल पाठवायचे दीड, दोघांचं विमान, हॉटेल, व्हिसा, खाणं धरून साडेचार, म्हणजे १७ लाख. त्यातले ९ लाख मुलीच्या नावाची एफडी मोडून आणि ८ लाख होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज. मुलगी या वर्षी बारावीला. मिस्टर म्हणतात ४६ झाली, आता नाही तर कधीच नाही. तुम्ही विचारताय करू का.

आधी त्यांच्या बाजूचं बोलतो, कारण ते वेडेपणा करत नाहीयेत. हे प्रदर्शन खरंच मोठं आहे, घरातल्या आणि किचनच्या वस्तूंसाठी जगात जी दोन-चार नावं घेतली जातात त्यातलं एक. फ्रँकफर्टला बाजार भरवण्याचा सनद-बिनद १२४० सालापासूनचा आहे, सम्राटाने दिलेला, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराज जन्मायच्या आधीपासून तिथे व्यापारी जमतायत. २०१९ ला भारत तिथे भागीदार देश होता. २०२३ पासून ख्रिसमसवर्ल्ड आणि क्रिएटिव्हवर्ल्ड ही दोन प्रदर्शनंही त्याच वेळी भरतात, तिन्ही मिळून चार हजारांवर स्टॉल असतात. आणि तिथे आपल्यासारखी बायका-पोरं घेऊन फिरणारी पब्लिक नसते, फक्त धंदेवाले, त्यामुळे समोर उभा माणूस बहुतेक वेळा खरेदीवालाच असतो. वर प्लॅस्टिक नको म्हणून युरोपात स्टीलच्या डब्याला मागणी आहे, हेही खरं. तर माल चुकीचा नाही, जागा चुकीची नाही. पैसे चुकीच्या कपाटातून निघतायत आणि क्रम उलटा झालाय.

टॉप-अपचं गणित आधी घेऊ कारण ते दोन मिनिटांत संपतं. ८ लाख, तुम्ही सांगितलेला ९.२५ टक्के दर, होम लोनची उरलेली १४ वर्षं, म्हणजे हप्ता साधारण साडेआठ हजार आणि शेवटी भरलेले एकूण पैसे १४ लाखांच्या पुढे. प्रदर्शन पाच दिवसांचं, हप्ता १४ वर्षं. मिस्टर साठीला टेकतील तेव्हा फ्रँकफर्टच्या त्या कार्पेटचं भाडं फिटलेलं असेल. आता असलेला ३२ हजारांचा हप्ता आहेच, तो चाळीसच्या वर जातो.

एफडीचं त्याहून वाईट आहे, दराचं सोडा, तारखा बघा. प्रदर्शन फेब्रुवारीत. कॉलेजची फी जुलै-ऑगस्टमध्ये. तुम्ही लिहिलंय "ऑर्डर आली की एफडी परत भरू". समजा तिथे कोणी जर्मन किंवा डच खरेदीवाला खूश झाला. तो तिथल्या तिथे चेक फाडत नाही. मार्चमध्ये मेलामेली, एप्रिलमध्ये बदल करून सॅम्पल, मग टेस्टिंग, मग भाव, ऑर्डर हातात यायला जून उजाडतो, माल जायला ऑगस्ट आणि पैसे यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे सगळं अगदी छान झालं तरी अ‍ॅडमिशनच्या वेळी ती एफडी नसणार. तेव्हा काय कराल, एज्युकेशन लोन. म्हणजे स्टॉलसाठी मुलगी कर्ज काढणार, असं सरळ वाक्य आहे ते. तिला विचारलंत का हो?

आता मुख्य गोष्ट, जी कन्सल्टंटने सांगितली नसणार. तुम्हा दोघांना भीती वाटतेय की ऑर्डर आली नाही तर काय. मला जास्त भीती वाटते ती ऑर्डर आली तर काय याची. नाही आली तर १७ लाख गेले, दुखेल, पण एकदाच. आली तर?

समजा ३५ लाखांची ऑर्डर आली, म्हणजे तीस-पस्तीस हजार युरो, त्यांच्या दृष्टीने छोटीशी. पत्रा तुम्हाला ३०४ या चांगल्या ग्रेडच्या स्टीलचाच घ्यावा लागणार, इथे लोकल बाजारात जेफोर हा स्वस्त ग्रेड चालून जातो तसा तिथे चालणार नाही. त्या पत्र्याचे साधारण २० लाख, आणि कळंबोलीचा व्यापारी नवीन ग्रेडच्या एवढ्या मालाला उधारी देईल असं मला तरी वाटत नाही, रोख मागणार. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ३ लाख ६० हजार. तो निर्यातीवर परत मिळतो, एलयूटी म्हणजे हमीपत्र भरून माल बिनटॅक्स पाठवता येतो हे सगळं बरोबर, पण मिळेपर्यंत खिशातून तुमच्याच गेलेला असतो. मग बफिंग-पॉलिशचं जॉबवर्क, पॅकिंग, मजुरी, चार-पाच लाख धरा. बनवायला ४५ दिवस, न्हावा शेवाला पोचवून कस्टम करून चढवायला दहा, आणि नवीन खरेदीवाला बहुतेक माल चढल्यापासून ६० दिवसांनी पैसे म्हणणार. म्हणजे जवळजवळ चार महिने २८ लाख अडकले. तुमची सीसी लिमिट, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिटची उचल मर्यादा, १० लाख आणि त्यातले ८ वापरलेले, हे तुम्हीच लिहिलंय. मग उरलेले कुठून आणणार? तेव्हा एफडीही नाही आणि टॉप-अपही संपलेला, उरलं सोनं. आणि त्याच चार महिन्यांत भाईंदर, उल्हासनगरचे तुमचे रोजचे दुकानदार माल मागत राहणार, त्यांना "थांबा" म्हणालात तर ते दुसऱ्याकडे जातील, परत यायची गॅरंटी नाही.

जीएसटीवरनं आठवलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून भांडी १२ वरून ५ टक्क्यांवर आली, गिऱ्हाईकाला चांगलं, पण पत्रा १८ नेच येतोय, त्यामुळे तुमचं क्रेडिट, म्हणजे पत्र्यावर भरलेला पण विक्रीच्या टॅक्समधून वळता न झालेला जीएसटी, आधीपेक्षा जास्त तुंबत असणार. त्याचा रिफंड मागता येतो. तुमच्या सीए ना विचारा किती महिन्यांचा क्लेम केलाय. मला वाटतं तिथे तुमचेच एक-दोन लाख पडून असतील, परदेशात जायच्या आधी ते घरी आणा.

अजून एक साधं गणित. तुमचा नफा शेकडा दहा. १७ लाख वसूल व्हायला १ कोटी ७० लाखांचा माल विकायला लागेल, आताच्या पूर्ण वर्षाच्या धंद्याहून जास्त, आणि तेही फक्त शून्यावर यायला. पहिल्याच वर्षी, नवीन कंपनी, हॉलच्या कुठल्यातरी मागच्या गल्लीतला बारा मीटरचा कोपरा. मोठे आयातदार पहिल्या वर्षी बघतात, दुसऱ्या वर्षी परत आलात का ते बघतात आणि मग बोलतात. वागळे इस्टेटमधला माझा एक क्लायंट लाकडी वस्तू घेऊन असाच एका परदेशी प्रदर्शनाला गेला होता, परत आला तेव्हा व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा रबर लावून माझ्या टेबलावर ठेवला, शंभरच्या वर कार्डं, चेहरा असा की लग्न जमलं. त्यातून एक ऑर्डर आली, तीही दीड वर्षाने. दुसऱ्या वर्षी जायला पैसेच नव्हते, म्हणजे पहिल्या वर्षाचे पण पाण्यात. एक वर्ष जाऊन थांबायचं असेल तर न गेलेलं बरं, निदान तीन वर्षांचं बजेट हवं.

मग करायचं काय. मिस्टरांना "नाही" म्हणू नका, त्यांना तिकीट काढून द्या. एकट्याने जाऊ दे, बघायला, स्टॉल न घेता. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आणि अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचे वेगळे, विमान लवकर काढलं तर परवडतं, हॉटेल फ्रँकफर्टमध्ये प्रदर्शनाच्या आठवड्यात अंगावर येतं म्हणून माइन्त्स किंवा ऑफेनबाखला राहायचं आणि लोकल ट्रेनने जायचं, आपल्याला ऐरोली-ठाणे करायची सवय आहेच. बरोबर थेपले, चटण्या न्या. सगळं मिळून दोन-सव्वादोन लाखांत बसवा, आणि ते धंद्याच्या खात्यातून. तिथे चार दिवस फक्त बघायचं, आपल्यासारखा डबा कोण विकतंय, किती जाडीचा पत्रा, झाकणाला सिलिकॉन आहे का, किनार कशी वळवलीय, डब्यावर अन्नाला चालतं याचं ते ग्लास-काट्याचं चिन्ह कसं छापलंय. एक लक्षात ठेवा, बघायला गेलेल्याने दुसऱ्यांच्या स्टॉलवर जाऊन आपला माल विकायला सुरुवात करायची नसते, ते आवडत नाही आणि नियमातही बसत नाही.

स्टॉल लावायचाच असेल तर आधी इथे लावा. गोरेगावला जुलैत एचजीएच हे घरगुती वस्तूंचं प्रदर्शन भरतं, ते देशातल्या बाजारासाठी, रबाळ्याहून टेम्पोत माल टाकला की झालं. आणि परदेशी खरेदीवाल्यांसाठी ग्रेटर नोएडाचं आयएचजीएफ दिल्ली फेअर, हस्तकलेच्या निर्यातदारांची ईपीसीएच ही संस्था भरवते, वर्षातून दोनदा, तिथे ते लोक स्वतः विमानाने येतात, तुम्ही ट्रेनने जाता, खर्च रुपयात. त्याच्याबरोबर एखाद्या मर्चंट एक्सपोर्टरला, म्हणजे दुसऱ्यांचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला, माल द्यायला सुरुवात करा, भाव थोडा कमी मिळेल पण पैसे रुपयात, कागदपत्रांची डोकेदुखी त्याची, आणि तुमच्या गाळ्यातून निर्यातीच्या क्वालिटीचा माल निघतो की नाही ते स्वस्तात कळेल. मला सगळ्यात जास्त पटतो तो हाच रस्ता, मिस्टरांना कमी ग्लॅमरस वाटेल.

कागद आत्ताच करून ठेवा, आयईसी हा आयात-निर्यातीचा नंबर ५०० रुपयात ऑनलाइन निघतो, स्टीलच्या भांड्यांसाठी ईईपीसी या इंजिनीअरिंग मालाच्या निर्यातदारांच्या संस्थेची मेंबरशिप घ्या, त्यांच्यातर्फे परदेशी प्रदर्शनात गेलात तर सरकारी मदतीची शक्यता असते, पण ती बहुतेकदा नंतर येते, आधी आपणच भरायचे, त्यामुळे बजेटमध्ये ती शून्य धरा. बँकेत जाऊन पॅकिंग क्रेडिटबद्दल, म्हणजे निर्यातीचा माल बनवायला मिळणाऱ्या कर्जाबद्दल, आत्ता बोला. ऑर्डर आल्यावर लिमिट मागायला गेलात तर ते सँक्शन होईपर्यंत खरेदीवाला मुरादाबादच्या भांडीवाल्यांकडे पोचलेला असतो. आणि पहिल्या दोन-तीन ऑर्डरी उधारीवर देणार असाल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचं, खरेदीवाल्याने पैसे बुडवले तर उपयोगी पडणारं विमा कव्हर घेतल्याशिवाय कंटेनरला सील लावू नका.

मी हो कधी म्हणेन? एफडीला हात न लावता धंद्याच्या नफ्यातून बाजूला काढलेले १५-१७ लाख असतील, बँकेने २५-३० लाखांची लिमिट लेखी दिलेली असेल आणि मर्चंट एक्सपोर्टरमार्फत का होईना चार-सहा कंटेनर तक्रारीशिवाय गेलेले असतील. साधारण तीन वर्षं. मिस्टर ४९ चे होतील, ते काही म्हातारपण नाही.

जाता जाता, तुमच्या आकड्यांत टर्म इन्शुरन्स कुठेच दिसला नाही. ३१ लाखांचं होम लोन, बारावीची मुलगी, सीसीला वैयक्तिक गॅरंटी आणि कव्हर शून्य? हे फ्रँकफर्टच्या आधी, याच महिन्यात.

शेवटची ओळ तुम्ही घाईत लिहिलीत पण माझं लक्ष तिथेच अडकलं, "टोकन २ लाख भरायचे आहेत, महिनाअखेरपर्यंत". भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर त्या माणसाला लेखी विचारा की स्टॉल मेसे फ्रँकफर्टकडे, म्हणजे प्रदर्शन भरवणाऱ्या कंपनीकडे, तुमच्या फर्मच्या नावाने बुक झालाय का, की त्याच्या स्टॉलचा अर्धा भाग तुम्हाला दिलाय, कारण एकाच स्टॉलवर दुसरी कंपनी असेल तर तिचीही सह-प्रदर्शक म्हणून वेगळी नोंद लागते. आणि रद्द केलं तर किती परत मिळतात, तेही मेलवर. पावती आणि त्याचं उत्तर दोन्ही मला पाठवा, शनिवारी नौपाड्याच्या ऑफिसात आहे, मिस्टरांनाही घेऊन या, त्यांचा एक मिसळणाचा डबा पण आणा बघायला.