घाईच्या वेळी माइल्स का अडतात?

या वेळी विमानप्रवासाच्या पॉइंट्सबद्दल, म्हणजे विमान कंपनी प्रवासावर देते आणि ज्यांवर पुढे तिकीट काढता येतं त्या माइल्सबद्दल, तीन पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण ते वाचल्यावर माझा दिवसभर दुसऱ्या कशात जीव लागला नाही.

प्रश्न : ताई, सा. न. वि. वि. मी नेरुळला राहते. गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री यांच्या छातीत दुखायला लागलं. वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी करावी लागेल, मुलाला बोलावून घ्या. मुलगा मेलबर्नला. यांनी कंपनीच्या कामासाठी वीस वर्षं फिरून एका परदेशी विमान कंपनीचे 88 हजार माइल्स साठवले आहेत. "अडीअडचणीला आहेत," असं नेहमी म्हणायचे. म्हटलं, याहून मोठी अडचण कोणती? आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून रात्री दोनला यांच्या फोनवरून प्रयत्न केला. पासवर्ड चालेना, नवा केला. मुलाचं नाव घातलं, दुसऱ्या दिवशीचं विमान निवडलं. उत्तर आलं : 72 तासांच्या आतलं पार्टनर एअरलाइनचं (म्हणजे भागीदार असलेल्या दुसऱ्या विमान कंपनीचं) तिकीट खात्यात आधी नोंदवलेल्या नावांच्या यादीत नसलेल्या व्यक्तीला मिळणार नाही. फोन केला तर समोरच्या बाई म्हणाल्या, खातेदाराशीच बोलू. खातेदार आत नळ्या लावून पडलेले! मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं नाव छापलेलं आहे, त्याचा फोटो पाठवते म्हटलं. "सिस्टीम घेत नाही." वर खातंच लॉक झालं. शेवटी मुलानं कार्डावर 1 लाख 12 हजारांचं तिकीट काढलं. हे आता घरी आलेत, बरे आहेत. पण मला ते अजून टोचतं. माइल्स आमचे आहेत की नाहीत? आणि मी काय चोर होते का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : यजमान घरी आले हे वाचून खूप बरं वाटलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही चोर नव्हतात, आणि त्या रात्री कुणीतरी माणसासारखं तुम्हाला तसं सांगायला हवं होतं.

मी 22 वर्षं एका विमान कंपनीच्या माइल्स डेस्कवर होते. ऑफिस अंधेरीला, घर नौपाड्यात. 2014 मध्ये घाटकोपरची मेट्रो सुरू होईपर्यंत रोज ठाणे-दादर-अंधेरी असा द्राविडी प्राणायाम चालायचा. शेवटची सहा वर्षं माझ्याकडे संशयास्पद बुकिंग तपासायचं काम होतं. तुमचं पत्र वाचताना मला माझी जुनी स्क्रीनच दिसायला लागली. अनेक महिने शांत पडलेलं खातं. मध्यरात्री पासवर्ड बदललेला. लगेच तिकीट, तेही खातेदाराच्या नावावर नाही. प्रवास दुसऱ्याच देशातून, एकेरी, आणि विमान सुटायला एक दिवस. यातली एक गोष्ट दिसली तर आम्ही पुढे जायचो. तीन दिसल्या की बुकिंग थांबवायचो. तुमच्या बाबतीत सगळ्याच होत्या. आयसीयूच्या दारात बसलेली बायको आणि कुठेतरी बसलेला भामटा, दोघांची बोटं स्क्रीनवर त्याच क्रमानं फिरतात. यंत्राला बाकडं दिसत नाही.

भामट्याला शेवटचे दोन दिवसच का हवे असतात, हे समजून घ्या, म्हणजे नियमाचं मूळ कळेल. चोरलेले माइल्स त्याला नुसते ठेवून उपयोगाचे नसतात. त्याला गिऱ्हाईक लागतं. तिकिटावरचं नाव नंतर बदलता येत नाही, म्हणून आधी गिऱ्हाईक, मग त्याच्या नावानं तिकीट. आणि तिकीट काढल्यावर खऱ्या मालकाच्या ईमेलवर सूचना जाते. महिनाभर आधीचं तिकीट असेल तर मालक ती कधीतरी वाचतो, फोन करतो, तिकीट रद्द होतं. उद्या सकाळचं असेल तर मालकाला कळेपर्यंत प्रवासी उतरून टॅक्सीत बसलेला असतो. हुशार टोळ्या मालकाच्या इनबॉक्समध्ये एका तासात शेकडो फालतू मेल सोडतात, म्हणजे ती एक सूचना त्यात बुडून जाते.

मला एक सकाळ आठवते. एक सद्गृहस्थ फोनवर शांतपणे विचारत होते, "मॅडम, मी घरी बसून पोहे खातोय, मग माझ्या खात्यातून काल रात्री दोन माणसं कुठे गेली?" ती दोन माणसं तोवर पोहोचली होती. उडालेलं तिकीट परत घेता येत नाही. आम्ही त्यांचे माइल्स भरून दिले, म्हणजे तो खर्च कंपनीवर आला.

पार्टनर एअरलाइनचा नियम जास्त कडक असण्याचं कारणही यातच आहे. कंपनीच्या स्वतःच्या विमानातली सीट बहुतेक वेळा रिकामीच जाणार असते, तिचा खर्च थोडा. दुसऱ्या कंपनीच्या विमानातली सीट दिली की तिचे पैसे त्या दुसऱ्या कंपनीच्या हातात खरोखर मोजावे लागतात. चोरी झाली तरी बिल येतंच. म्हणून काही कंपन्यांनी शेवटच्या दोन-तीन दिवसांतलं पार्टनर तिकीट सरळ बंद केलं, काहींनी फक्त फोनवर ठेवलं, तर काहींनी आधी नोंदवलेल्या नावांपुरतं.

हे भय काल्पनिक नाही. 2014 च्या डिसेंबरात दुसरीकडून चोरलेले लॉगिन वापरून अमेरिकन एअरलाइन्सच्या सुमारे 10 हजार खात्यांत शिरकाव झाला. युनायटेड या दुसऱ्या अमेरिकी विमान कंपनीच्या काही खात्यांवरून तर प्रवासही बुक झाले. पुढच्या मार्चमध्ये ब्रिटिश एअरवेजनं असल्याच प्रकारामुळे सदस्यांची खाती गोठवली. आपल्याकडे 2021 मध्ये एअर इंडियाच्या प्रवासी-माहितीची यंत्रणा सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीवर हल्ला झाला. जगभरातल्या 45 लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली, त्यात फ्रीक्वेंट फ्लायरची, म्हणजे माइल्सच्या खात्यांची, माहितीही होती. पासवर्ड त्यात नव्हते. पण एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरायची आपली सवय चोराचं उरलेलं काम करते.

आता तुमचा मधला प्रश्न : माइल्स आमचे की नाहीत? बहुतेक कंपन्यांच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की माइल्स ही सदस्याची मालमत्ता नाही, कंपनी नियम बदलू शकते. आणि त्याच वेळी 2020 मध्ये कोविडच्या काळात युनायटेडनं आपला माइल्सचा कार्यक्रम तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. कर्ज काढताना ती संपत्ती, आणि तुम्ही मागायला गेलात की ती मेहेरबानी, हे मला सहा वर्षं त्या खुर्चीत बसूनही पटलं नाही.

तुमच्या प्रकरणात चूक नेमकी कुठे झाली, तेही सांगते. बुकिंग थांबलं, तिथे चूक नव्हती. मी असते तर मीही थांबवलं असतं. चूक पुढच्या फोनवर झाली. तुमच्याकडे यजमानांचा फोन होता, म्हणजे ओटीपी येत होता. हॉस्पिटलचा ॲडमिशनचा कागद होता. मुलाच्या पासपोर्टवर बापाचं नाव छापलेलं होतं. सही करू शकणारा एक सुपरवायझर जागा असता तर दहा मिनिटांत खात्री पटली असती. आम्ही असे कागद मागवून तिकिटं सोडली आहेत, आणि त्यातलं एकही खोटं निघाल्याचं मला आठवत नाही. चोर हॉस्पिटलचे कागद जमवत बसत नाही. त्याला त्याच रात्री दुसरं खातं मिळतं. नियम असावा, पण आजारपण आणि मृत्यू यांच्यासाठी रात्री फोन उचलणारा, अधिकार असलेला माणूसही असावा. तो ठेवायला पगार लागतो, बटण बंद करायला लागत नाही. माझं भांडण तेवढंच आहे.

म्हणून कंपनीला एक पत्र लिहाच. डिस्चार्ज समरी, मुलाच्या तिकिटाची पावती, त्याच्या पासपोर्टची शेवटच्या पानाची प्रत जोडा. फोनवर नाही, लेखी. भरपाई म्हणून काही माइल्स मिळतील किंवा मिळणार नाहीत, पण खातं उघडायला तोच मार्ग आहे. सही यजमानांची घ्या.

आणि ते बरे झाले की एका दुपारी दोघं बसून ही कामं करा. आधी नॉमिनींची, म्हणजे यजमानांच्या माइल्सवर प्रवास करू शकणाऱ्यांची, यादी पाहा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या माइल्स कार्यक्रमात पाच नॉमिनी नेमता येतात. कोरियन एअर आणि जपानची एएनए ठराविक नात्यातल्या माणसांनाच माइल्सचं तिकीट देतात आणि नात्याची नोंद आधी मागतात. तुमच्या कंपनीची पद्धत काय ते बघून मुलाचं, तुमचं, सुनेचं नाव आजच घाला. नाव नवीन घातल्यावर काही ठिकाणी थोडे दिवस थांबावं लागतं, म्हणून ऐन वेळी घालून उपयोग नाही.

नाव लिहिताना पासपोर्ट समोर ठेवा. आपल्या मराठी माणसांचा घोळ इथेच होतो. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं, आडनाव वेगळं. खात्यात मात्र नुसतं नाव आणि आडनाव. लग्नानंतर सुनेचं नाव बदललेलं असेल तर आणखी एक फरक. असा फरक दिसला की यंत्र तिकीट माणसाकडे पाठवतं आणि त्या रांगेत तुमची रात्र जाते.

यजमानांना त्यांचा ईमेलचा पासवर्डही तुमच्याजवळ लिहून ठेवायला सांगा. माइल्सच्या खात्याचा पासवर्ड वेगळा आणि फक्त तिथलाच असू द्या. महिन्यातून एकदा शिल्लक पाहा, विजेचं बिल पाहता तशी. आणि पुन्हा कधी अशी वेळ आली (न येवो), तर पार्टनरऐवजी त्याच कंपनीचं स्वतःचं विमान आधी शोधा, तिथे नियम बहुधा सैल असतो. पासवर्ड बदलण्याच्या आधी फोन करा. बदलल्यावर तुम्ही संशयाच्या रांगेत जाता.

प्रश्न : माझा पुतण्या वागळे इस्टेटमध्ये नोकरी करतो. त्याला लंडनला शिकायला जायचं होतं. टेलिग्रामवरच्या एका एजंटानं निम्म्या भावात तिकीट दिलं, पीएनआर आदल्या रात्री पाठवला. विमानतळावर सांगितलं, तिकीट रद्द झालंय. वर तासभर बसवून चौकशी केली. पोरगा रडकुंडीला आला. त्याचा काय दोष?
— एक काका, ठाणे

उत्तर : काका, वर लिहिलेलं गिऱ्हाईक ते हेच. तिकीट बहुधा कुणाच्या तरी चोरलेल्या माइल्सवर किंवा चोरलेल्या कार्डावर निघालं होतं, आणि या वेळी मालक वेळेवर जागा झाला. पुतण्याचा दोष भोळेपणाचा. पण काउंटरवरच्या माणसाला तो फसलेला आहे की टोळीतला, हे लगेच कळत नाही. चोरीच्या कार्डांवरची तिकिटं पकडायला युरोपोल ही युरोपियन युनियनची पोलीस संस्था विमान कंपन्यांना सोबत घेऊन अनेक देशांच्या विमानतळांवर एकाच वेळी मोहिमा करते, तेव्हा कर्मचारी सावध असणारच.

"पीएनआर आदल्या दिवशी मिळेल" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं. ई-तिकीट आलं तर भाड्याच्या जागी फक्त कर दिसतोय का पाहा. तसं असेल तर ते माइल्सवर काढलेलं आहे, आणि कुणाच्या माइल्सवर, हा प्रश्न विचारा.

आता लगेच 1930 वर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, चॅट पुसू देऊ नका. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी तक्रार झाली तर ते अडवण्याची आशा असते, म्हणून रविवार संपायची वाट पाहू नका. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 सी (66C) कलमाखाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. तक्रारीत पुतण्यानं स्वतःहून सगळं सांगितलं, तर पुढे विमान कंपनीच्या काळ्या यादीतून नाव काढायलाही तोच कागद कामी येईल.

प्रश्न : सासरे वारले. त्यांच्या माइल्सच्या खात्यात मी नॉमिनी आहे. बँकेसारखे ते माझ्या नावावर होतील ना?
— एक सून, खारघर

उत्तर : इथे शब्द फसवतो. माइल्सच्या खात्यातला नॉमिनी म्हणजे त्या माइल्सवर प्रवास करायची परवानगी असलेली व्यक्ती. वारस नव्हे. बऱ्याच कंपन्यांत सदस्याच्या मृत्यूबरोबर माइल्स संपतात. काही कंपन्या कायदेशीर वारसाला देतात, पण मुदतीत अर्ज केला तरच. त्यांच्या पासवर्डनं आत शिरून तिकीट काढू नका, ते वरच्या सगळ्या कारणांनी अडकेल. मृत्यूचा दाखला आणि सदस्य क्रमांक जोडून कंपनीला याच आठवड्यात ईमेल पाठवा, अर्ज सासूबाईंच्या नावानं करा.