जुन्या मॅसी फर्ग्युसन 35 चे ऑईल गळते. सगळी ऑईल एकदम बदलावीत का?

आपण लिहिले आहे की, आजोबांच्या काळातील तीन सिलिंडरचा मॅसी फर्ग्युसन 35 रात्रभर उभा राहिला की खाली डाग पडतो, हायड्रॉलिकचे ऑईल कमी होते आणि उजवा ब्रेक नीट लागत नाही. माझे मत असे की, गळती कोठून होते हे कळेपर्यंत ऑईल बदलू नये, कारण जुने ऑईलच आपल्याला दुखणे सांगणार आहे. आमच्याकडे याच मॉडेलचा ट्रॅक्टर होता. मी आधी नवे ऑईल भरले आणि गळके सील (ऑईल अडवणारी रबरी कडी) नंतर शोधले, त्यामुळे ते सगळे महिन्याभरात पुन्हा काढावे लागले.

या ट्रॅक्टरची रचना ध्यानात घेतली की निम्मा शोध तिथेच संपतो. गियरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच ऑईल आहे, अवजारे उचलणाऱ्या लिफ्टचा पंप त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो, आणि म्हणून हायड्रॉलिकचे कमी झालेले ऑईल लिफ्टपासून दूर, चाकापाशी किंवा पीटीओ शाफ्टच्या (अवजारे फिरवणाऱ्या मागच्या दांड्याच्या) सीलमधूनही बाहेर पडू शकते. ब्रेक सळ्यांवर चालतात, त्यांत ब्रेक ऑईल नसतेच. त्यामुळे उजव्या चाकाच्या ब्रेक ड्रमच्या आत ओल दिसली तर ती ॲक्सलच्या सीलमधून आलेलीच समजावी. आपल्या वर्णनावरून मला पहिला संशय याच सीलचा येतो.

तरीही खात्री करून घ्यावी. सगळा सांगाडा डिझेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडा करावा, जोडांच्या कडांवर पांढरी रांगोळी किंवा पावडर हलकेच भुरभुरावी (पंखा, पट्टा आणि आतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर यांपासून ती दूर ठेवावी), तासभर काम करून ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा आणि खाली मोठा पुठ्ठा पसरावा. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग जागा सांगतो आणि रांगोळीवरची काळी रेघ उगम दाखवते. ऑईल नेहमी खाली आणि मागे ओघळते, म्हणून थेंब जिथे लोंबतो तिथे नव्हे, तर ओलीच्या सर्वांत वरच्या टोकाला पाहावे. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, पॅकिंग गेलेले असताना क्रँकच्या मागच्या सीलला दोष दिल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

क्लच हाउसिंगच्या तळाच्या छिद्रात एक सैल कॉटर पिन असते. तिथून काळे ऑईल आले तर ते इंजिनाचे, आणि तपकिरी, गियर ऑईलच्या वासाचे आले तर ते गियरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या सीलचे असते. दोन्हींसाठी इंजिन आणि गियरबॉक्स वेगळे करावे लागतात. हे छिद्र मात्र कधीही बुजवू नये, नाहीतर तेच ऑईल क्लच प्लेटवर जाते.

एक गोष्ट तातडीची आहे. इंजिनाचे ऑईल मोजायच्या गजावर पातळी वाढलेली दिसली आणि ऑईल पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलेला किंवा इंजेक्शन पंपाचे सील गेलेले असू शकते. अशा वेळी इंजिन चालवू नये, कारण बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नाही.

मागचे, म्हणजे गियरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे, ऑईल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. उघड्यावर राहणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ते बहुधा गियर लिव्हरच्या फाटक्या रबरातून उतरते, म्हणून ते रबर आधी बदलावे. ब्रीदर तुंबला असेल तर आत दाब साठून चांगले सीलही ऑईल सोडते, तेव्हा नवे सील घेण्यापूर्वी तो साफ करावा.

सील आणि ब्रेक लायनर बदलायचे ठरले की ऑईलही त्याच वेळी काढावे. काम करून ऑईल गरम असताना लिफ्ट पूर्ण खाली करावी, खालचे सर्व ड्रेन प्लग उघडावेत आणि रात्रभर निथळू द्यावे. तीस लिटरहून अधिक ऑईल मावते, त्यामुळे भांडी आधीच जमवून ठेवावीत. प्लगला चिकटलेला बारीक करडा लगदा झिजेचा असतो. धातूचे तुकडे निघाले तर मात्र गियर तपासावेत. भरताना गियर आणि हायड्रॉलिक दोन्हींना चालणारे ट्रॅक्टर ऑईल घ्यावे, कारण जाड 140 नंबरचे गियर ऑईल थंडीत पंपाला ओढता येत नाही. लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली करून पातळी पुन्हा पाहावी आणि खुणेच्या वर भरू नये, कारण जादा ऑईल नव्या सीलवरही दाब आणते.