बायकोच्या नावावर मासेमारीचा धंदा टाकला तर 60 टक्के सबसिडी खरंच मिळते का?

मिळते. 2020 मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बायांना आणि एससी-एसटीला 60 टक्के, बाकीच्यांना 40. पण दादा, तुम्ही खाली लिहिलंय "नाव फक्त तिचं, धंदा मीच बघणार", ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आम्ही भोई, तापीकाठचे, सारंगखेड्याच्या अलीकडचे. माझ्या मायने पायातली चांदीची कडी मोडून नायलॉनचं जाळं घेतलं होतं. फाटलं की रात्री दाराच्या बल्बखाली बसून, पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून एकेक घर सांधायची. पहाटे वडील होडी काढायचे आणि आठ वाजता चिलापी-कटल्याची टोपली डोक्यावर घेऊन मायच बाजारात. वडील गेले आणि तेराव्याच्या आधी काका होडी अन् जाळं दोन्ही घेऊन गेले, का तर पावत्या वडिलांच्या नावाच्या. मच्छीमारांच्या सोसायटीत सभासद पण वडीलच. माय नाव लावायला गेली तर तिथला एक जण म्हणे, "बाई पानीमा उतरस का?" माय म्हणाली, "नही उतरस, पन मासा कोन इकस?" कोणी उत्तर दिलं नाही आणि नावही लावलं नाही.

आता ना होडी ना सभासदत्व, मग बँक कशावर पैसे देणार? किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांना आहे, बायांच्या बचत गटालाही आहे, पण तळं किंवा पाणी मालकीचं नाहीतर लीजवर असल्याचा कागद त्यालाही लागतोच. मायने शेवटी व्यापाऱ्याकडून उचल घेतली, मग माल त्याचाच आणि भावही तोच ठरवणार, असं कितीतरी वर्षं.

म्हणून सांगते, होडीची पावती, जाळ्याची पावती, सोसायटीचं सभासदत्व, सगळं वहिनींच्या नावाने करा आणि खातं त्यांनाच चालवू द्या, ओटीपी येणारा मोबाईल पण त्यांच्याकडेच राहू द्या. नुसत्या सहीपुरतं नाव लावणार असाल तर नका करू.

हां, एक राहिलं, सबसिडी आधी हातात पडेल असं धरून चालू नका, बहुतेक वेळा खर्च आधी आपल्यालाच करावा लागतो, तेव्हा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसात विचारूनच उतरा.

काका अजून म्हणतात, घरातलीच होडी, कुठं परक्याकडे गेली. पण कडी कोणाच्या पायातली होती ते त्यांना चांगलं माहीत आहे.