बाळाचा ब्लड ग्रुप जुळेना, घरच्या घरी डीएनए टेस्ट करू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. माझा ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह, बायकोचा ओ पॉझिटिव्ह, आणि आमचं बाळ तीन महिन्यांचं आहे त्याच्या डिस्चार्ज पेपरवर ए पॉझिटिव्ह लिहिलंय. बारशाला फाइल चाळता चाळता माझे भाऊजी बोलून गेले की हे काही बसत नाही. बायकोवर विश्वास आहे हो, पण डोक्यातून जात नाही. ऑनलाइन किट मिळतं म्हणे, तिला न सांगता माझा आणि बाळाचा नमुना पाठवून मोकळा होऊ का? आणि ते चालतं कसं?

उत्तर : दादा, किटचं बटण दाबायच्या आधी तिघांचे ब्लड ग्रुप परत तपासून घ्या, आणि ते नाक्यावरच्या कलेक्शन सेंटरला नको, सरळ एखाद्या चांगल्या ब्लड बँकेत जा. भाऊजी शाळेच्या पुस्तकाप्रमाणे बरोबरच बोलले, बी आणि ओ यांच्या पोटी ए यायला नको, पण पुस्तक धरून चालतं की तिन्ही ग्रुप बरोबर लिहिलेत, आणि तिथंच तर गंमत असते. मोठ्या माणसाचा ग्रुप दोन्हीकडून तपासतात, लाल पेशी आणि सीरम (रक्तातला पातळ भाग, अँटिबॉडीज त्यात असतात), पण नवजात बाळाच्या अंगात स्वतःच्या अँटिबॉडीज पहिले चार-सहा महिने नीट तयारच नसतात, त्यामुळे नुसत्या पेशींवर भागवावं लागतं, त्यात नाळेतलं रक्त घेतलं असेल तर नाळेतल्या जेलीमुळे पेशी उगाच चिकटतात आणि रिपोर्ट चुकतो. जन्माच्या वेळचा ग्रुप पेन्सिलनं लिहिलाय असं समजा. तुमचाही तपासायचाच, एबीमधला ए कमजोर असला तर तो कधीकधी बी म्हणून खपून जातो.

आणि बायकोचा तर नक्कीच तपासा, कारण आपल्या मुंबईच्या नावाचा एक ग्रुप आहे, बॉम्बे ब्लड ग्रुप, 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच शोधलेला. ए आणि बी ज्या एच नावाच्या खुंटीवर टांगलेले असतात ती खुंटीच या माणसांकडे नसते, मग आत ए चा जीन असला तरी टेस्टमध्ये ओ दिसतो. बाळाला खुंटी तुमच्याकडून मिळते, ए आईकडून, आणि बाळ ए निघतं, कुणाचंच काही चुकलेलं नसताना. हे दुर्मिळ आहे हे खरं, पण अँटी-एच (एच आहे की नाही ते दाखवणारं द्रावण) लावून बघायला सांगितलं की कळतं. आणि तसं निघालं तर संशय राहिला बाजूला, पुढे कधी ऑपरेशनला तिला साधं ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतेल, तिला बॉम्बे ग्रुपचंच रक्त लागतं. मी तुमच्या जागी असते तर मला याचीच जास्त काळजी वाटली असती.

आता किट. त्यात प्रत्येकासाठी कापसाचे स्वॅब असतात, अर्धा-एक तास काही न खाता-पिता, सिगरेट न ओढता गालाच्या आतून घासायचे, बाळाचं दूध पिऊन तासभर तरी झालेला हवा, नाहीतर दुधातून आईच्या पेशी येतात. मग स्वॅब हवेत वाळवायचे आणि कागदी पाकिटात घालायचे, प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरली की बुरशी येते आणि डीएनए खराब होतो (ठाण्याच्या जुलैत तर विचारूच नका). लॅबवाले डीएनएतल्या वीस-एक ठरलेल्या जागा बघतात, तिथं एक छोटा तुकडा परत परत येतो, कुणाचा 11 वेळा तर कुणाचा 14 वेळा. प्रत्येक जागेवर बाळाकडे दोन आकडे असतात, एक आईचा एक बापाचा. बाळाचे 11 आणि 14, आईकडे 11 आहे पण 14 नाही, म्हणजे बापाकडे 14 असायलाच पाहिजे. एखाद्या जागी नाही जुळलं तर म्युटेशन (डीएनएत आपोआप झालेला बदल) असू शकतं, तेवढ्यावरून कुणी नाही म्हणत नाही, पण तीन-चार जागी फसलं की रिपोर्ट नाही म्हणतो. जुळलं तर 99.99 टक्के वगैरे येतं, हा हिशोब तुमच्याशी नातं नसलेल्या माणसाशी तुलना करून काढलेला असतो.

आईच्या नमुन्याशिवाय टेस्ट होते, पण मी म्हणेन तिला घेऊनच करा. एकतर हिशोब पक्का होतो, दुसरं म्हणजे तुमचं जुळलं नाही आणि आईचंही जुळलं नाही तर बाळच हॉस्पिटलात बदललं गेलंय, ही गोष्ट दोघांचाच नमुना पाठवून कळणारच नाही, तुम्ही बिचारीवर आळ घेऊन बसाल. आणि चोरून केलेलं घरात लपत नाही हो, कुरियरवाला दुपारी येतो तेव्हा दार तीच उघडते ना? ग्रुप परत तपासतोय एवढं तर आजच सांगा, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

प्रश्न : किटवाला रिपोर्ट कोर्टात चालतो का? बेलापूर कोर्टात केस चालू आहे. (ऐरोली)

उत्तर : त्याच्यावर विसंबू नका. स्वॅब कुणाच्या तोंडातला हे कोण सांगणार, तुम्ही शेजाऱ्याचाही पाठवला असेल! 2012 मध्ये माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारींचं रक्त पितृत्वाच्या खटल्यात डेहराडूनला त्यांच्या घरी घेतलं तेही कोर्टानं नेमलेल्या लोकांसमोर, आणि तपासलं हैदराबादच्या सरकारी लॅबमध्ये. शिवाय लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यावर 280 दिवसांत (आईनं दुसरं लग्न केलं नसेल तर) झालेलं मूल कायद्यानं नवऱ्याचंच, पूर्वी ते एव्हिडन्स ॲक्टचं कलम 112 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं 116. त्या काळात नवरा-बायकोची भेटच शक्य नव्हती हे दाखवावं लागतं, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सांगितलंय की मुलाची डीएनए टेस्ट सरसकट लावायची नाही. वकिलांकडून रीतसर अर्ज करा.

प्रश्न : कंगव्यातले केस पाठवले तर चालतील? (कोपरखैरणे)

उत्तर : गळलेल्या केसाच्या मुळाशी बहुधा पुरेशा पेशी उरलेल्या नसतात, आणि या टेस्टला लागणारा डीएनए त्या पेशींत असतो. कंगवा राहू द्या.